ध्वजदिन: तिरंग्याचा मान आणि सैनिकांचे देणे

दरवर्षी ७ डिसेंबरला भारतात सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. शाळा, सरकारी कचेऱ्या आणि सार्वजनिक ठिकाणी लोकांच्या छातीवर एक लहानसा ध्वज लावतात आणि त्या निमित्ताने देणगी गोळा करतात. हा ध्वज तिरंगा नसतो. त्यावर लाल, गडद निळा आणि आकाशी असे तीन रंग असतात. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि आकाशी हवाई दलाचा. जमा होणारा पैसा माजी सैनिक, वीरनारी, त्यांची मुले आणि लढाईत किंवा सेवेत अपंगत्व आलेले जवान यांच्यासाठी खर्च होतो. ध्वजाला दिलेला मान आणि सैनिकाला दिलेला मान यांची सांगड घालणारा, आणि तोही हातात देणगीची पावती ठेवून घालणारा, वर्षातला हा एकच दिवस आहे.

या दिवसाची सुरुवात १९४९ मध्ये झाली. संरक्षणमंत्र्यांच्या समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी ध्वजदिन पाळण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला तो पहिल्यांदा पाळला गेला. त्या काळाकडे पाहिले म्हणजे निर्णयामागची निकड कळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपताच लाखो जवानांना घरी पाठवण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेकांची सेवा निवृत्तिवेतन मिळण्याइतकी झालेली नव्हती. पाठोपाठ फाळणी झाली आणि काश्मीरचे युद्ध पेटले. १ जानेवारी १९४९ ला शस्त्रसंधी झाली तेव्हा नव्या देशापुढे विधवा, अनाथ मुले आणि जायबंदी जवान यांचा मोठा प्रश्न उभा होता. लोकांनी थोडा वाटा उचलावा, या गरजेतून ध्वजदिन आला. पुढे १९९३ मध्ये यासाठीचे वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी असा एकच निधी करण्यात आला. त्याचा कारभार दिल्लीतील केंद्रीय सैनिक बोर्ड पाहते.

सैन्यातून दरवर्षी पेन्शन घेऊन माणसे बाहेर पडत असताना या निधीची गरज आजही का उरली आहे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सैनिकाच्या नोकरीच्या स्वरूपात आहे. सैन्याला तरुण राहावे लागते. सियाचीनच्या उंचीवर किंवा राजस्थानच्या वाळवंटात पन्नाशीच्या शिपायाला उभे करता येत नाही. त्यामुळे साधा जवान पस्तिशी-चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. गावातला शिक्षक किंवा तलाठी याच्या नोकरीचा निम्मा काळ अजून उरलेला असतो, त्या वयात जवानाच्या हातात निवृत्तीचे कागद पडतात. मुले शाळेत असतात, घर बांधायचे असते, आईवडील थकलेले असतात. दरवर्षी तिन्ही दलांतून साधारण साठ हजार माणसे अशी बाहेर पडतात. म्हणून माजी सैनिकाचा सन्मान हा मुख्यतः त्याच्या दुसऱ्या आयुष्याचा प्रश्न ठरतो: काम, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण.

या सन्मानाच्या केंद्रस्थानी जो राष्ट्रध्वज, म्हणजे तिरंगा, आहे, त्याच्याविषयीचे नियम आधी नीट पाहिले पाहिजेत. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. त्याची लांबी आणि उंची यांचे प्रमाण ३:२ असते. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर गडद निळे, २४ आऱ्यांचे अशोकचक्र असते. खादीच्या ध्वजासाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक आहे आणि कापड, रंग, शिलाई या सगळ्याची मापे त्यात ठरलेली आहेत. हुबळीजवळच्या बेंगेरी येथील खादी संस्थेचे नाव ध्वजनिर्मितीसाठी देशभर माहीत आहे. महाराष्ट्रात नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही राष्ट्रध्वज तयार होतात.

स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे सामान्य नागरिकाला आपल्या घरावर रोज तिरंगा लावता येत नसे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी असे मोजके दिवस सोडले तर तो मान सरकारी इमारतींचा होता. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर ध्वज लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २६ जानेवारी २००२ पासून नवी भारतीय ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिकांवरचे निर्बंध उठले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी निकाल दिला की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा संविधानाच्या कलम १९(१)(क) खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र त्यावर वाजवी बंधने असू शकतात. डिसेंबर २०२१ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर तयार केलेल्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. जुलै २०२२ मध्ये दुसरी दुरुस्ती झाली. तिच्यामुळे नागरिकाच्या घरावरचा ध्वज रात्रीही फडकत ठेवता येतो. त्याआधी तो सूर्यास्तापूर्वी उतरवावाच लागे.

हक्क असा वाढत गेला, पण ध्वज कसा हाताळावा याची माहिती त्या वेगाने घरोघरी पोहोचली नाही. नियम अवघड नाहीत. ध्वज चढवताना झपाट्याने चढवायचा आणि उतरवताना सावकाश, गांभीर्याने उतरवायचा. केशरी पट्टा वर असतो. ध्वज भिंतीवर उभा लावला तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. फाटलेला, चुरगळलेला ध्वज लावायचा नाही. तो जमिनीला टेकता कामा नये, पाण्यात पडता कामा नये आणि त्यावर काहीही लिहिता येत नाही. गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर तो पांघरता येत नाही, आणि पुतळ्याच्या अनावरणासाठी झाकण म्हणूनही वापरता येत नाही. मात्र फडकवण्यापूर्वी ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही. ध्वज चढत किंवा उतरत असताना उपस्थितांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभे राहायचे असते, आणि गणवेशातल्यांनी सलामी द्यायची असते.

ध्वज जीर्ण झाला की काय करायचे, याबद्दल सर्वांत जास्त अज्ञान दिसते. तो कचऱ्यात टाकायचा नाही आणि फडके म्हणून वापरायचा तर नाहीच. एकांतात, शक्यतो जाळून, पूर्ण ध्वजच सन्मानाने नष्ट करावा, असे संहिता सांगते. कागदी ध्वजांनाही हेच लागू आहे. प्रजासत्ताकदिनी सकाळी मुलांच्या हातात दिसणारे ध्वज दुपारी रस्त्यावर, गटाराच्या कडेला पडलेले दिसतात. हे दृश्य मनाला लागते, आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. शाळेने किंवा सोसायटीने संध्याकाळी एक पेटी ठेवून सारे ध्वज गोळा केले तरी पुरे.

या नियमांमागे कायदा आहे. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ नुसार राष्ट्रध्वज जाळणे, फाडणे, तुडवणे, विद्रूप करणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २००५ च्या दुरुस्तीनंतर पोशाखात ध्वज वापरण्यास काही मर्यादेत मुभा मिळाली, पण कमरेखालच्या कपड्यांवर, उशा-रुमालांवर तो छापणे गुन्हाच राहिले. याच कायद्यात एक महत्त्वाची तरतूद आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ध्वजात कायदेशीर मार्गाने बदल व्हावा अशा हेतूने केलेली टीका हा अवमान ठरत नाही. लोकशाहीतल्या ध्वजाचा मान जाणतेपणाने राखला जावा, ही या तरतुदीमागची भूमिका फार मोलाची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत ध्वजाचा आदर हे पहिल्याच कलमात, ५१ क (क) मध्ये, नोंदवले आहे.

ध्वज आणि सैनिक यांची गाठ सर्वांत प्रत्यक्ष पडते ती अंत्यसंस्कारात. ध्वज कशावरही पांघरता येत नाही या नियमाला कायद्याने एकच अपवाद केला आहे: शासकीय इतमामातील अंत्यसंस्कार आणि सैन्य किंवा केंद्रीय निमलष्करी दलांतील व्यक्तींचे अंत्यसंस्कार. एरवी कितीही लोकप्रिय व्यक्तीच्या पार्थिवावर, शासकीय इतमाम जाहीर झालेला नसताना, तिरंगा ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. राष्ट्रपती, पंतप्रधान अशा पदांवरील व्यक्तींच्या निधनानंतर ध्वज अर्ध्यावर उतरवतात. साध्या शिपायासाठी ध्वज अर्ध्यावर येत नाही, पण खुद्द ध्वजच त्याच्या अंगावर येतो. त्याहून मोठा मान देशाकडे नाही.

या वेळी केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात. पुष्पचक्रे वाहिली जातात, सलामी पथक शोकशस्त्र करते, बंदुकीच्या फैरी झडतात आणि बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते. चितेला अग्नी देण्याआधी किंवा कबरीत देह उतरवण्याआधी ध्वज काढून घेतात. तो जाळायचा नाही, पुरायचाही नाही. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, वर अशोकचक्र दिसेल अशी घडी करतात आणि ती दोन्ही तळहातांवर घेऊन नातलगांच्या स्वाधीन करतात. गावोगावच्या घरांत जवानाच्या फोटोशेजारी, देव्हाऱ्याजवळ किंवा काचेच्या पेटीत ही घडी जपून ठेवलेली असते.

खेड्यापाड्यांनी हा संस्कार मोठ्या प्रमाणावर पाहिला तो १९९९ च्या कारगिल युद्धात. आधीच्या युद्धांत मरण पावलेल्या जवानांचे अंत्यसंस्कार बहुधा आघाडीवर किंवा जवळच्या तळावरच होत, आणि घरी यायची ती तार. कारगिलमध्ये ५२७ जवानांनी प्राण दिले आणि त्यांचे पार्थिव त्यांच्या गावी पोहोचवण्याची व्यवस्था करण्यात आली. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी गावाच्या वेशीवर येणे म्हणजे काय, हे देशाने तेव्हा जवळून पाहिले. त्यानंतर सैनिकांच्या कुटुंबांविषयीची सामाजिक जाण बदलली.

अंत्यसंस्काराची गर्दी ओसरल्यावर खरी व्यवस्था सुरू होते. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या खाली राज्य सैनिक बोर्डे आणि त्यांच्या खाली जिल्हा पातळीवरची कार्यालये अशी तिची रचना आहे. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. त्यांचे प्रमुख, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, स्वतः बहुधा निवृत्त लष्करी अधिकारीच असतात. माजी सैनिकाचे ओळखपत्र, पेन्शनमधील चूक, मुलीच्या लग्नासाठीचे अर्थसहाय्य, शिष्यवृत्तीचा अर्ज, शेताच्या बांधावरून चाललेला वाद, अशी नाना कामे या कार्यालयांत येतात. सीमेवर असलेल्या जवानाच्या घरचा जमिनीचा तंटा सोडवण्यासाठी महसूल खात्याकडे पाठपुरावा करणे हे काम कागदावर लहान दिसते. त्या जवानाच्या मनःशांतीच्या दृष्टीने ते फार मोठे असते. अनेक जिल्ह्यांत सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आणि सैनिक विश्रामगृहेही चालवली जातात. ध्वजदिन निधी गोळा करण्याचे उद्दिष्ट प्रत्येक जिल्ह्याला ठरवून दिलेले असते, आणि जिल्हाधिकारी त्याचे नेतृत्व करतात.

निधीतून मिळणारी मदत मोठ्या रकमांची नसते, पण ती अशा माणसांपर्यंत जाते ज्यांना दुसरा आधार नाही. पेन्शन न मिळणारा, ६५ वर्षांवरील गरीब माजी सैनिक किंवा त्याची विधवा पत्नी यांना दरमहा ४,००० रुपये मिळत. २०२५ मध्ये ही रक्कम दुप्पट करून ८,००० रुपये करण्यात आली. शिक्षण आणि लग्नासाठीच्या मदतीतही त्याच वेळी वाढ झाली. नोकऱ्यांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाच्या सेवेत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, तर केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांत १० टक्के आणि गट ‘ड’ पदांत २० टक्के जागा राखीव असतात. सुरक्षारक्षक आणि तत्सम कामे मिळवून देण्यासाठी राज्यात माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, आहे. २०२० पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या योजनेखाली मालमत्ता करात सवलत मिळते.

आरोग्य आणि पेन्शन या दोन मोठ्या बाबी केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहेत. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिचे दवाखाने आणि तिच्याशी जोडलेली रुग्णालये यांमुळे लष्करी रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या निवृत्तांना उपचार मिळू लागले. पेन्शनचा वाद अधिक जुना आणि कडवट होता. एकाच हुद्द्यावर, तितकीच वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या दोघांना निवृत्तीचे वर्ष वेगळे म्हणून वेगवेगळी पेन्शन मिळे. जो आधी निवृत्त झाला, म्हणजे जो अधिक म्हातारा, त्याला कमी. ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ या मागणीसाठी २०१५ मध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. नोव्हेंबर २०१५ मध्ये आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून तो लागू धरण्यात आला. दर पाच वर्षांनी फेरआढावाही ठरला. ज्यांनी आयुष्यभर शिस्त पाळली त्यांना हक्कासाठी रस्त्यावर बसावे लागले, ही गोष्ट देशाला भूषणावह नव्हती.

पुढचा प्रश्न अग्निवीरांचा आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. उरलेल्यांना सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते, पण पेन्शन आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. तिरंग्यापुढे घेतलेली शपथ त्यांचीही तीच असते. त्यांच्या पुनर्वसनाची चोख व्यवस्था करणे ही येत्या काळातली मोठी जबाबदारी आहे.

अपंगत्व आलेल्या जवानांसाठीच्या दोन महत्त्वाच्या संस्था पुण्याजवळ खडकीत आहेत. पहिली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जायबंदी सैनिकांना हस्तकौशल्य शिकवण्यासाठी ती सुरू झाली आणि आजही तेच काम करते. दुसरी १९७४ मध्ये सुरू झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. मणक्याला इजा होऊन शरीर लुळे पडलेले जवान तिथे राहतात, काम करतात आणि व्हीलचेअरवरून बास्केटबॉलसारखे खेळही खेळतात. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून गंभीर जखमी झाले होते. त्यांनी पुढे पोहण्याचा ध्यास घेतला आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. सन्मान इतका उशिरा येऊ नये.

स्मारकांच्या बाबतीतही देशाने वेळ घेतला. दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तिथे स्वातंत्र्यानंतर प्राण दिलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. १९७२ पासून इंडिया गेटखाली तेवणारी अमर जवान ज्योत जानेवारी २०२२ मध्ये या स्मारकाच्या ज्योतीत मिळवण्यात आली. पुण्यात मात्र असे स्मारक त्याआधीच, १९९८ मध्ये, उभे राहिले होते आणि त्यासाठी नागरिकांनी देणग्या दिल्या होत्या.

महाराष्ट्रात सैनिकी परंपरेच्या खुणा गावांतही आहेत. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे हे गाव ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांनी १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांनी १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे त्या लढाईत धारातीर्थी पडले. बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर सुरुंग आणि अडथळे दूर करत रणगाड्यांना वाट करून दिली, आणि हयातीत परमवीरचक्र मिळालेले ते पहिले जवान ठरले. महाराष्ट्राच्या परंपरेची खूण नौदलाच्या ध्वजावरही आली: २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने नवा ध्वज स्वीकारला, तेव्हा जुन्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस जाऊन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी चौकट आली आणि तिरंगा डाव्या वरच्या कोपऱ्यात राहिला.

निवृत्तांसाठी आणखी एक दिवस आहे. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. ती तारीख आता सशस्त्र सेना माजी सैनिक दिन म्हणून पाळली जाते. महाराष्ट्रात त्याच सुमारास मकर संक्रांत येते आणि हा दिवस बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांना त्या दिवशी तिळगूळ देताना त्यांच्या पलटणीची विचारपूस करायला काहीच लागत नाही.

ध्वजदिन निधीला देणगी देण्यासाठी ७ डिसेंबरची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ती वर्षभर स्वीकारली जाते, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावरूनही देता येते आणि आयकरात तिच्यावर सवलत मिळू शकते. शेजारपाजारी पेन्शन नसलेला एखादा वृद्ध माजी सैनिक किंवा एखादी वीरपत्नी असेल, तर त्यांना या कार्यालयापर्यंत घेऊन जावे. बऱ्याच जणांना आपला हक्क काय आहे हेच कोणी सांगितलेले नसते.